रिकाम्या ओळींचा हिशेब

कॅमेऱ्यातील संवेदक चित्र ओळीओळीने वाचतो. सोनीच्या आयएमएक्स २१९ या संवेदकात १,०८० ओळींच्या चित्रास ६८३ रिकाम्या ओळी जोडल्या असता सेकंदास ३० चित्रे मिळतात. २,४४६ जोडल्यास १५. लिनक्समधील ड्रायव्हर ही संख्या बदलूनच गती राखतो. मात्र प्रकाश घेण्याच्या अवधीची मर्यादा एकूण ओळींहून ४ ने कमी असते. ती ड्रायव्हरने जुनीच ठेवली, तर गती उतरूनही अंधारातील चित्र उजळत नाही. दोष येथेच शोधावा.

बंगळूरच्या प्रयोगशाळेत आणखी एक फसगत संभवते. तेथील वीज ५० आवर्तनांची. म्हणून पुष्कळ दिवे सेकंदास १०० वेळा लुकलुकतात व चित्रावर पट्टे उमटतात. तो गतीचा दोष नव्हे. अवधी सुमारे ५२९ ओळींचा, म्हणजे १/१०० सेकंदाचा, ठेवताच पट्टे मावळतात.