सुकतीची मुदत

फुरसतीने जलविहार करावयाचा म्हणजे घड्याळ घरी ठेवून निघावयाचे, अशी जी समजूत शहरवासी मंडळींत रूढ आहे, ती तलावाच्या बाबतीत खरी असेलही. परंतु कोकणातील खाडीत ती बाळगून उतरणाऱ्यास पाणी फार लवकर शहाणे करते. खाडी दिसावयास नदीसारखी असली तरी तिच्यावर अंमल समुद्राचा चालतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे, मागील आठवड्यात ज्या घटकेस वल्ह्याला तळ लागत नव्हता, त्याच घटकेस आज तेथे गाळ उघडा पडलेला असतो.

मालवण तालुक्यात देवबागची चिंचोळी भूमी एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास कर्लीची खाडी घेऊन पसरलेली आहे. तेथून कयाकने नेरूरपारच्या दिशेस जावे, काठच्या माडांखाली भोजन व वामकुक्षी उरकावी आणि सायंकाळी सावकाश परतावे, असा बेत आमच्या मेळ्यातील एका सेवानिवृत्त मामलेदारसाहेबांनी, दौऱ्याचा कार्यक्रम आखावा तशा शिस्तीने, कागदावर मुक्रर केला होता. दिवस पौष वद्य प्रतिपदेचा, म्हणजे ऐन उधाणाचा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा. अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा, प्रतिपदेस पाऊण. तो अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते, हे ध्यानी ठेवले म्हणजे झाले. सकाळी चढत्या पाण्याने आम्हांस असे अलगद वर नेले, की वल्ही मारण्याचे श्रम ते काय, असे जो तो म्हणू लागला. निघताना धक्क्यावरच्या वृद्ध होडीवाल्याने, "सायबानू, सुकती लागली की बसान रवू नकात," असे बजावले होते. परंतु कार्यक्रमात परतीची वेळ साडेतीन लिहिलेली, आणि लिहिलेल्या गोष्टीवर मामलेदारसाहेबांची निष्ठा मोठी.

सुकती म्हणजे ओहोटी, आणि ती सहा तास सारख्या गतीने उतरत नाही. पहिल्या तासात पाणी जेमतेम हलते, तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वाधिक वेगाने ओसरते, आणि आमची वामकुक्षी नेमकी त्याच तासांत चालली होती. निघालो तेव्हा वायव्येचा वारा समोरून भरात आलेला, त्याच्या उलट धावणाऱ्या ओहोटीमुळे लाटा आखूड व उभ्या झालेल्या. सबब वारा चुकवावा म्हणून तिवरांमधील एका फाट्यात शिरलो. पाचाच्या सुमारास कयाकच्या बुडाखाली प्रथम खरखर झाली, मग ती थांबली, आणि पाहता पाहता दोन्ही बाजूंस काळसर, बुडबुडे सोडणारा गाळ उघडा पडला. एक तरुण ढकलण्यासाठी उतरला तो मांडीपर्यंत रुतला. त्यास आडव्या धरलेल्या वल्ह्यावर छाती टेकवून वर ओढावे लागले, तोपर्यंत कालवांच्या कवचांनी त्याच्या पोटऱ्यांवर अशा चिरा पाडल्या होत्या की रक्त आणि चिखल यांचा निवाडा करणे कठीण. सुकतीकडे अर्ज करून मुदत वाढवून मिळत नाही, हे मामलेदारसाहेबांनीच तेवढ्यात उद्गारले, हा त्यांचा मोठेपणा. पुढली भरती बुडाखाली शिरून कयाक हलली तेव्हा आठ वाजून गेले होते.

तेव्हा ज्यांस असा प्रवास करावयाचा असेल त्यांनी बेत परतीपासून उलट आखावा. भारतीय सर्वेक्षण विभाग प्रमुख बंदरांचे भरती-ओहोटीचे कोष्टक दरवर्षी प्रसिद्ध करतो. ते पाहावे, आणि मग स्थानिक तांडेलास विचारून त्यात दुरुस्ती करून घ्यावी, कारण मुंबईचा आकडा मालवणास लागू पडत नाही. चढत्या पाण्याबरोबर वर जावे व भरती पूर्ण होताच, जेवण अर्धे राहिले असले तरी, वळावे. याहून निर्धास्त मार्ग म्हणजे परतूच नये. वरच्या अंगास उतरून गाडीने यावे. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आगेमागे, ओढ कमी असते. नवशिक्यांस तेच दिवस बरे. तिवरांतील फाटे भरती चढत असतानाच पाहावेत. मुखाकडे मात्र ओहोटीत फिरकूही नये. तेथे बाहेर धावणारे पाणी व आत येणाऱ्या लाटा वाळूच्या दांड्यावर एकमेकांस भिडतात, आणि हलकी कयाक कोणाचीच राहत नाही. गाळात रुतल्यास खाली न उतरता बसून राहावे. तरंगजाकीट अंगात असावे, आसनाखाली नव्हे. पिण्याचे पाणी दुप्पट, विजेरी, शिटी आणि पट्ट्यांची पादत्राणे, एवढी तजवीज पुरे. छत्र्या, ग्रामोफोनचे आधुनिक वंशज वगैरे इतमाम काठावर ठेवावा.

कर्लीवरील हा हिशेब इतरत्र जसाच्या तसा नेऊ नये. चिपळूणच्या वाशिष्ठीत भरती-ओहोटीखेरीज कोयनेचे अवजलही येते, म्हणजे वीजनिर्मिती किती चालली आहे यावर प्रवाह अवलंबून. शिवाय तेथे मगरी आहेत, आणि उन्हास पडलेली मगर गाळाच्याच रंगाची असते. तेथे छोटी कयाक नेऊच नये, मोठ्या होडीतून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि परतीची वेळ उपाहारगृहाच्या मालकाजवळ सांगून जाऊ नये, त्यास रात्रीच्या जेवणाची ताटे मोजावयाची असतात. ती धक्क्यावरच्या होडीवाल्याजवळ सांगावी, आणि वेळ टळल्यास शोधावयास यावे म्हणून त्याचा रोज आगाऊ चुकता करावा.