बँक बंद राहिली, कारखाने चालू झाले
राणा प्लाझाची दुर्घटना आणि आपला धंदा

कापडाच्या धंद्यातल्या माणसाने राणा प्लाझाचे नाव ऐकले नाही असे सहसा होत नाही. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी सकाळी नऊच्या सुमारास कोसळली. १,१३४ माणसे मेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. मेलेल्यांत निम्म्याहून अधिक शिलाई मशीनवर बसणाऱ्या मुली आणि स्त्रिया होत्या. आमचे व्यापारी बांधव या घटनेवर बोलतात तेव्हा कोणी ‘तकदीर’ म्हणून गप्प बसतो, कोणी ‘बिल्डरची चोरी’ म्हणून विषय मिटवतो. तकदीरवर आमचेही ईमान आहे. परंतु आधी उंट बांधण्याची गोष्ट आपल्या घरांत लहान मुलालाही ठाऊक असते, आणि सावरला तर दोर तुटत असल्याची खबर एक दिवस आधी मिळालेली होती.

मंगळवारी, २३ एप्रिलला, इमारतीत मोठ्या भेगा दिसल्या. कामगार घाबरून खाली उतरले. टीव्हीवाले येऊन भेगांचे चित्रण करून गेले. एका इंजिनिअरला बोलावण्यात आले. त्याने पाहणी करून इमारत धोक्याची आहे, ती रिकामी करावी, असे स्पष्ट सांगितले.

इमारतीच्या खालच्या मजल्यांवर दुकाने आणि ब्रॅक बँकेची शाखा होती, वर पाच शिलाई कारखाने. बँकेने आपल्या माणसांना कामावर येऊ नका म्हणून कळवले. दुकाने बंद राहिली. कारखाने मात्र बुधवारी सकाळी उघडले. इमारतीचा मालक सोहेल राणा याने धोका नसल्याचे पत्रकारांना सांगून टाकले होते. आत जायला कचरणाऱ्या कामगारांना भाग पाडले गेले. एका कारखान्यात महिन्याचा पगार रोखण्याची धमकी दिली गेली, असे वाचलेल्या कामगारांनी नंतर सांगितले. थोड्या वेळाने वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर चालू झाले, सगळी इमारत थरथरली आणि खाली बसली.

इमारत एक, भेगा त्याच, इशाराही तोच. मग निर्णय दोन का झाले? बँकेचा मॅनेजर शहाणा आणि कारखान्याचा मॅनेजर मूर्ख, असे म्हणणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही. बँक एक दिवस बंद राहिली तर खातेदार दुसऱ्या दिवशी येतो. कारखाना बंद राहिला तर जहाज निघून जाते. त्या वर्षाच्या सुरुवातीपासून बांगलादेशात हरताळांमागून हरताळ चालले होते, त्यामुळे माल आधीच मागे पडलेला. निर्यातीत माल लांबला की खरेदीदार दर कापतो, नाहीतर समुद्राऐवजी विमानाने पाठव आणि भाडे तूच भर म्हणतो, नाहीतर ऑर्डरच रद्द करतो. विमानाचे भाडे भरल्यावर एका शर्टामागे काय उरते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. म्हणजे मॅनेजरच्या एका पारड्यात दंडाची रक्कम होती, पक्क्या आकड्यात आणि तारखेसह. दुसऱ्या पारड्यात ‘कदाचित’ हा एक शब्द होता. कोणताही इंजिनिअर ‘उद्या नऊला पडेल’ असे लिहून देऊ शकत नाही. तो धोका आहे एवढेच सांगतो. हिशेबाच्या वहीत धोक्याला रकाना नसतो.

ही गरीब देशाची किंवा कमी शिकलेल्या मालकांची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर अवकाशयान उडवावे की नाही यावर टेलिफोनवर बैठक झाली. बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे रॉजर बोईजोली आणि त्यांचे साथी इंजिनिअर सांगत होते की रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी थंडीत कडक होते, सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नये. दुसऱ्या दिवशी तर कडाक्याची थंडी पडणार होती. नासाच्या अधिकाऱ्यांना हा सल्ला रुचला नाही, आणि नासा हे कंपनीचे बडे गिऱ्हाईक. कंपनीने अर्धा तास फोन बाजूला ठेवला. चार मॅनेजरांनी आपसात मशविरा करून निर्णय फिरवला. इंजिनिअरांचे मत त्या मोजणीत धरले नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले, सात जण गेले. बोईजोली यांनी चौकशी आयोगापुढे जे सांगितले ते आम्हाला फार मोलाचे वाटते. त्या रात्री, यान सुरक्षित आहे हे कोणी सिद्ध करायचे नव्हते, ते सुरक्षित नाही हे इंजिनिअरांनी सिद्ध करायचे होते. सावरलाही ‘चालू ठेवा’ म्हणणाऱ्याकडे कोणी पुरावा मागितला नाही. पुरावा मागितला तो ‘थांबा’ म्हणणाऱ्याकडे.

इमारतीचे दोष थोडक्यात सांगायचे तर ती दुकाने आणि ऑफिसांसाठी आखलेली होती. कारखान्याची मशीने, मालाच्या गाठी आणि जनरेटरचे हादरे तिने सोसावेत असा हिशेबच नव्हता. वरचे मजले परवानगीशिवाय चढवले होते. जमिनीचा काही भाग बुजवलेल्या तळ्याचा होता. एक कडू गोष्ट अशी की इशारा देणाऱ्या त्या इंजिनिअरलाही पुढे अटक झाली. बेकायदा मजले चढवण्यात त्याची मदत झाली, असा पोलिसांचा संशय होता. काल मजला चढवून देणारा आज उतरा म्हणाला, तर मालक ते किती मनावर घेणार? सल्ला देणारा मालकाच्या पैशावर जगणारा नसावा, हे यातून आम्हाला दिसते.

नंतर जे झाले त्यात आमच्या धंद्याला उपयोगी असे बरेच आहे. मे २०१३ मध्ये कामगार संघटना आणि परदेशी खरेदीदार यांच्यात आग व इमारत सुरक्षेचा करार झाला. तो ‘अकॉर्ड’ या नावाने ओळखला जातो. पुढे दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या आणि सुमारे सोळाशे कारखाने त्याच्या कक्षेत आले. तपासणी मालकाच्या माणसाने करायची नाही, स्वतंत्र इंजिनिअराने करायची, आणि अहवाल जाहीर करायचा. जिवाला धोका आहे असे सबळ कारणाने वाटल्यास कामगाराने आत जाण्यास नकार द्यावा, त्याचा पगार कापू नये. दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवावा लागला तर सहा महिन्यांपर्यंत कामगाराची नोकरी आणि मजुरी चालू ठेवावी. आणि खरेदीदाराने भाव असा ठरवावा की कारखानदाराला सुरक्षेचा खर्च झेपेल. हे शेवटचे कलम आम्ही दोनदा वाचले. कारण पहिल्यांदाच कोणीतरी कागदावर लिहिले की धोक्याचे मूळ भावात आणि तारखेत असते, आणि भाव व तारीख कारखानदार एकटा ठरवत नाही.

पीडितांच्या भरपाईसाठी तीन कोटी डॉलरचा निधी पुरा व्हायला मात्र जून २०१५ उजाडला. खरेदीदारांची वर्गणी ऐच्छिक होती, हे त्याचे एक कारण. ज्या घरची कमावती मुलगी गेली त्या घराने ही दोन वर्षे कशी काढली असतील, याचा विचार दिलदार म्हणवणाऱ्या आमच्या बाजाराने करावा.

मजुराची मजुरी रोखू नये ही ताकीद आम्ही जुम्याच्या बयानात नेहमी ऐकतो. पण कारखाना भीतीपोटी बंद ठेवला तर त्या दिवसाची मजुरी कोणाच्या खात्यात पडणार, हा सवाल बाजारात कोणी विचारत नाही. आमच्याकडे शिलाईच्या जॉबवर्कच्या चिठ्ठीवर तारीख असते, नग असतात, उशीर झाल्यास कपात किती हेही असते. इमारतीच्या, आगीच्या किंवा विजेच्या धोक्यामुळे काम थांबले तर तेवढे दिवस दंड लागणार नाही, अशी ओळ नसते. ती लिहायला वकील लागत नाही. माल देणाऱ्या व्यापाऱ्याने ती आपणहून लिहावी, कारण कारागीर ती मागायला धजणार नाही. मागितली तर ऑर्डर दुसऱ्या कारखान्यात जाईल ही त्याची भीती खरी आहे. शिवाय नवीन कारखान्याला माल देताना कापणी आणि शिलाई पाहतो, तसे जिना चढून दोन-तीन गोष्टीही पाहाव्यात. कामगार कितव्या मजल्यावर बसतात, गाठी कुठे रचल्या आहेत, जनरेटर जमिनीवर आहे की छतावर, आणि शिफ्ट चालू असताना बाहेरच्या दाराला कुलूप असते का.