डिकीत पाणी येतंय? आधी वाट शोधा, मग सीलंट लावा

रब्बी कांद्याची रोपं टाकायचे दिवस जवळ आलेत आणि शिरूर-दौंडकडे परतीच्या पावसाचा नेम नाही. घरचं बी, विद्राव्य खताच्या पिशव्या, ठिबकचं सामान, बरेच जण गाडीच्या डिकीतूनच नेतात. साध्या पिशवीतल्या प्रमाणित कांदा बियाण्यात ८ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. गळक्या डिकीत दोन रात्री राहिलेलं बी वरून कोरडं दिसलं तरी त्याची उगवण घटलेली असू शकते.

पाणी जिथे साचतं तिथूनच आत आलं असेल असं धरू नका. वर कुठेतरी शिरतं, पत्र्याच्या कडेने घरंगळतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात जमतं. म्हणून आधी डिकी पूर्ण रिकामी करा. मॅट, पुठ्ठा, स्टेपनी, जॅक सगळं बाहेर. खड्ड्याच्या तळाला रबरी बूच असतं, ते काढून पाणी सोडा आणि परत घट्ट बसवा. काहीजण पाणी निघून जावं म्हणून बूच काढूनच ठेवतात. मग चाकाचा चिखल खालून आत येतो. आतला पत्रा फडक्याने कोरडा करून कडेकडेने खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरा.

आता एकाने मागचं सीट पाडून टॉर्च घेऊन आत बसायचं (लहान पोराला डिकीत कोंडू नका) आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. धार मंद ठेवा, वॉशिंग सेंटरचा प्रेशर नको. सुरुवात खालून करा: आधी बंपरच्या वरची कड, मग मागचे दिवे, मग डिकीच्या रबराची कड, शेवटी टप. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरू केलं तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. पावडरीत ओघळ उमटला की तो वर कुठे जातो ते बघा.

बहुतेक वेळा दोष मागच्या दिव्याच्या गॅस्केटमध्ये नाहीतर डिकीच्या रबरात सापडतो. रबर तपासायला कागदाची पट्टी मध्ये धरून डिकी लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथे रबर दबलंय. आधी माती पुसून रबर नीट बसवून बघा, तेवढ्यानेही काम होतं. फाटलं असेल तर बदला. दिव्याचं गॅस्केट बदलताना नट फार आवळू नका, प्लॅस्टिक तडकतं. हॅचबॅक असेल तर मागच्या वायपरला पाणी नेणारी नळी सुटली नाही ना, हेही बघा.

पत्र्याच्या सांध्यातून गळत असेल तर गाडीच्या बॉडीचं पीयू सीलंट वापरा, तेही पूर्ण कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातल्या आम्लाने पत्रा गंजतो. पाइपला लावतो ते एम-सीलही नको. कडक होतं आणि गाडी खड्ड्यात आदळली की सुटतं.

सीएनजी गाडीवाल्यांनी हे जरूर वाचा. टाकीच्या स्टँडसाठी डिकीच्या तळाला भोकं पाडलेली असतात, तिथूनही पाणी चढतं आणि बोल्ट गंजतात. टाकी स्वतः सोडवू नका. अधिकृत सेंटरवर दाखवा. दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट जवळ आली असेल तर दोन्ही कामं एकदमच उरकतील.

बी भिजलंच असेल तर टाकून देण्याआधी किंवा वाफ्यावर फेकण्याआधी १०० बिया ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. कापड सुकू देऊ नका. बाराव्या दिवशी मोजा. ७० पेक्षा कमी उगवल्या तर दुसरं बी बघायला अजून वेळ आहे.

ओघळ सापडूनही वाट कळत नसेल तर पावडरीच्या खुणेचा फोटो ग्रुपवर टाका. गाडीचा नंबर झाकून.