उपग्रहातील उबदार टाक्या
बंगळूर येथे घडविलेल्या ‘आयआरएस-१ए’ या दूरसंवेदन उपग्रहाचे प्रक्षेपण १७ मार्च १९८८ रोजी झाले. त्याची कक्षा व रोख सुधारण्यासाठी हायड्रॅझीन हे द्रव इंधन वापरले होते. हे द्रव सुमारे २ अंश सेल्सिअसला गोठते. येथपर्यंत त्याचे पाण्याशी साम्य आहे. मात्र पाणी गोठताना प्रसरण पावते, तर हायड्रॅझीन आकुंचन पावते. त्यामुळे धोका संभवतो तो ते पुन्हा वितळताना. नळीच्या मधल्या भागातील इंधन आधी वितळले आणि दोन्ही बाजूंचे घट्टच राहिले, तर प्रसरणास वाव न मिळून नळी फुटू शकते. अवकाशात दुरुस्तीस कोण जाणार?

म्हणून उपग्रहांतील इंधनाच्या टाक्या व नळ्या यांवर विजेवर चालणारे लहान तापक बसवितात आणि त्यांभोवती धातूचा मुलामा दिलेल्या कृत्रिम बहुवारिकाच्या पातळ पटलांचे अनेक थर गुंडाळतात. निर्वातात हवेवाटे उष्णता जात नाही. ती प्रारणाने जाते, आणि हे चकचकीत थर तिचा बराचसा भाग परत फिरवितात. साहजिकच थोडी वीज पुरते. पृथ्वीच्या छायेत सौरपट्ट्यांपासून वीज मिळत नाही, तेव्हा तापकांचा भार विद्युत्घटांना सोसावा लागतो.