'दैमोन' ह्या शब्दाचा अभ्यास

नाशिकाजवळ त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. त्यांतील १७ वे लेणे इंद्राग्निदत्त नामक यवनाने कोरविले, असे तेथील शिलालेखावरून कळते. यवन हे मूळचे ग्रीक लोकांचे नाव होय. शेजारच्या १८ व्या लेण्याच्या दाराशी यक्षाची मूर्ती आहे. यक्ष हा थोर देवांपैकी नव्हे व मनुष्यही नव्हे. तो धनाचा व स्थळाचा राखणदार, कधी कृपाळू, कधी उग्र, अशी प्राचीन समजूत होती. अशा मधल्या शक्तींस ग्रीक लोक 'दैमोन' म्हणत.

हेसिओद कवीच्या मते सुवर्णयुगातील माणसे मरणोत्तर दैमोन होऊन मर्त्यांचे रक्षण करू लागली. प्लेटोच्या 'सिंपोझियम' ग्रंथात दिओतिमा नामक स्त्री सॉक्रेटिसास सांगते की, दैमोन हे देव व मानव ह्यांच्यामधील दूत होत. ते माणसांच्या प्रार्थना वर नेतात व देवांच्या आज्ञा खाली आणितात. खुद्द सॉक्रेटिसास एक दैवी वाणी ऐकू येत असे. प्लेटो लिहितो की, ती त्यास अयोग्य कृत्यापासून आवरी, परंतु अमुक कर असे कधी सांगत नसे. इ. स. पूर्वी ३९९ मध्ये त्याजवर नवी दैवते आणिल्याचा आरोप झाला व त्यास देहान्त शिक्षा झाली. पुढे प्लेटोचा शिष्य झेनोक्रातेस ह्याने दैमोनांत चांगले व वाईट असे दोन प्रकार मानिले.

आता नवा करार पाहा. तोही ग्रीक भाषेत लिहिला गेला. शुभवर्तमानांत ह्याच शब्दापासून झालेला 'दैमोनियोन' हा शब्द येतो, आणि तेथे त्याचा अर्थ भूत किंवा अशुद्ध आत्मा असा आहे. परंतु प्रेषितांची कृत्ये १७:१८ येथे अथेनैकर पौलाविषयी बोलताना तोच शब्द योजितात, आणि त्यांच्या मनात भूत नसून दैवत असते. शब्द एक, पण ऐकणारे निराळे!

शिक्षकबंधूंनो, ह्यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वेशीवरच्या म्हसोबास नारळ फोडणारा शेजारी आपण राखणदारास मान देतो असे समजतो. त्याच्या तोंडावर आपण 'भूत' म्हटले, तर त्याचे कान तेथेच बंद होतात. पौलाने अथेनैत शिवीगाळीने आरंभ केला नाही. अज्ञात देवाच्या वेदीपासून केला. म्हणून शेजारी आपल्या दैवताविषयी काय मानितो, हे प्रथम त्याच्याच तोंडून ऐकावे, मग आपले सांगावे.