परसातील कोंबड्यांचे श्वसनरोग : ओळख, उपचार व प्रतिबंध

बेळगावच्या उत्तरेस, पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गालगत वसलेल्या काकती गावात आणि पुढे निपाणीपर्यंतच्या खेड्यांत घरामागच्या परसात पाच-दहा कोंबड्या पाळण्याची रीत जुनी आहे. या कोंबड्यांचा हिशेब बहुधा घरातील स्त्रीच्या हाती असतो. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा किंवा अडीअडचणीचा खर्च त्यांवर भागतो. म्हणूनच एखाद्या आठवड्यात सारे खुराडे रिकामे झाले, तर ते नुकसान लहान म्हणता येत नाही.

या भागात जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस झड लागते. पक्षी खुराड्यात कोंडले जातात, विष्ठा ओली राहते व तिच्यातून अमोनिया वायू सुटतो. हा वायू डोळ्यांना व श्वासनलिकेच्या आतील अस्तराला इजा करतो. मग रोगजंतूंना वाट मोकळी होते. खुराड्याच्या दाराशी वाकून पाहावे. आपले डोळे चुरचुरले, तर पक्ष्यांना तो त्रास रात्रभर होत आहे असे समजावे.

रोग कसा ओळखावा

शिंकणे, नाक वाहणे, चोच उघडी ठेवून धाप टाकणे ही लक्षणे अनेक रोगांत सारखीच असतात. यासाठी रोग किती वेगाने पसरतो व सोबत दुसरी कोणती चिन्हे आहेत, हे पाहणे आवश्यक आहे.

मानमोडी अथवा राणीखेत : हा विषाणूजन्य रोग सर्वांत घातक होय. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९२६ साली तो आढळला, म्हणून अन्यत्र त्यास न्यूकॅसल रोग म्हणतात. आपल्याकडे कुमाऊँमधील राणीखेत या गावावरून त्याचे नाव पडले. पक्षी मलूल होतात, धापा टाकतात, हिरवट पातळ हगवण लागते. पुढे मान पिळवटते, पाय व पंख लुळे पडतात. लस न टोचलेल्या कळपात दहापैकी नऊ पक्षीही दगावू शकतात.

जुनाट श्वसनरोग : मायकोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म जंतूंमुळे होणारा हा रोग सावकाश पसरतो. डोळ्यांत फेस येतो, वजन घटते, अंडी कमी होतात. मरतूक मात्र थोडी असते. रात्री पक्षी निजल्यावर खुराड्याजवळ शांत उभे राहिल्यास घरघर स्पष्ट ऐकू येते. हे जंतू अंड्यावाटे पिल्लांत उतरतात, म्हणून अशा कोंबडीची अंडी रवणीस ठेवू नयेत.

संसर्गजन्य पडसे : तोंड व डोळ्यांभोवती सूज येते आणि नाकातून दुर्गंधीयुक्त चिकट स्राव वाहतो. बरा झालेला पक्षीही जंतू बाळगून राहतो.

देवी : तुऱ्यावर व डोळ्यांभोवती फोड येतात. काही वेळा तोंडात व घशात पांढरट-पिवळसर पापुद्रे धरतात व पक्षी गुदमरतो. हे पापुद्रे ओढून काढू नयेत. खाली रक्तस्राव होतो.

आजार दिसताच काय करावे

१. आजारी पक्षी तत्काळ वेगळा करून उबदार, कोरड्या व हवेशीर जागी डालग्याखाली ठेवावा. स्वच्छ पाणी व मऊ खाद्य द्यावे.

२. निरोगी पक्ष्यांना आधी व आजारी पक्ष्यांना शेवटी चारापाणी घालावे. नंतर हात साबणाने धुवावेत.

३. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्वरित कळवावे. मेलेला पक्षी घरी चिरून पाहू नये.

४. प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच व सांगितलेले सर्व दिवस द्यावीत. जुनाट श्वसनरोग व पडसे यांत त्यांचा उपयोग होतो. मानमोडीच्या विषाणूवर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. औषध चालू असताना व त्यानंतर सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंडी व मांस खाऊ नये.

५. मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत.

येथे एका घातक सवयीचा उल्लेख करणे भाग आहे. एक-दोन पक्षी मरताच उरलेले घाईने बाजारात विकले जातात. विकणाऱ्याचे चार पैसे वाचतात, परंतु त्याच संध्याकाळी रोग दहा गावांच्या दहा खुराड्यांत पोचतो. पुढे त्याच बाजारातून आणलेली तलंग आपल्याही दारी रोग घेऊन येते. घेतलेला नवा पक्षी म्हणूनच किमान तीन आठवडे वेगळा ठेवावा.

लसीकरण

मानमोडीवर लस हाच खरा उपाय आहे. पिल्लू ५ ते ७ दिवसांचे असता लासोटा किंवा एफ लसीचा एक थेंब डोळ्यात अथवा नाकात टाकावा. ६ ते ८ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी लस टोचून घ्यावी. देवीची लसही याच सुमारास देतात. दोन लसींतील अंतर व पुढील मात्रा पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे ठेवाव्यात. लस बर्फावर आणावी, उन्हात ठेवू नये व कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवावी. आजारी पक्ष्यास लस देऊ नये.

अडचण अशी की एका कुपीत बहुधा शंभर किंवा अधिक पक्ष्यांची मात्रा असते, तर एका घरी पक्षी सहा-सात. यावर उपाय म्हणजे गल्लीवार यादी करून एकच दिवस ठरविणे. शाळेतील शिक्षक, ग्रामपंचायत व महिला मंडळे यांनी हे काम अंगावर घेतल्यास एक कुपी पंधरा घरांस पुरते. पक्षी खुराड्याबाहेर पडण्यापूर्वी, पहाटे लस देणे सोयीचे पडते.

विशेष सावधगिरी

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ च्या फेब्रुवारीत भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला. त्याची व मानमोडीची लक्षणे वरवर सारखी दिसतात. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास, तुरे निळसर पडल्यास किंवा डोके सुजल्यास पक्ष्यांना हात न लावता, मुलांना दूर ठेवून त्याच दिवशी पशुसंवर्धन खात्यास कळवावे.

खुराडे जमिनीपासून उंच, पावसाची झड न लागणारे, परंतु वारा खेळणारे असावे. दर मोठ्या पक्ष्यास सुमारे दोन चौरस फूट जागा असावी. तळाशी कोरडे भाताचे तूस पसरावे व ओले होताच बदलावे. रोग येऊन गेल्यावर खुराडे खरवडून, चुन्याने सारवून, किमान तीन आठवडे उन्हात मोकळे ठेवावे. कोरडी जागा, वेळेवर लस आणि आजारी पक्षी बाजारात न नेण्याचा निश्चय, एवढे पाळले तरी परसातील हे लहानसे धन पुष्कळ अंशी सुरक्षित राहील.