चेहरा नको, हात पुरेत

प्रश्न : मी विठ्ठलवाडीत घरी ब्लाउज शिवते. तीन महिन्यांपूर्वी इन्स्टाग्रामवर खातं उघडलं. फॉलोअर ४१, तेही नातेवाईकच. विकत घ्यावेत का?

उत्तर : नाही ताई, एकही घेऊ नका. विकतची खाती व्हिडिओ पाहत नाहीत, आणि कुणी थांबून बघत नाही असं दिसलं की इन्स्टाग्राम तो अनोळखी लोकांपुढे कमी नेतं. एका व्हिडिओत एकच अडचण सोडवा : कटोरी ब्लाउजला चुण्या का पडतात, अस्तर कसं जोडायचं. कॅमेऱ्याची लाज वाटत असेल तर नुसते हात दाखवा, पण आवाज तुमचा आणि बोली तुमच्या घरातली असू द्या. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत असताना यूट्यूबवर इंग्रजीतून पाककृती दाखवायला सुरुवात केली. मराठी घराघरांत त्या पोचल्या मराठीत बोलू लागल्यावर. शेजारच्या उल्हासनगरच्या बाजारात कापड कसं पारखता, तेही दाखवा. खात्याच्या नावातच ‘ब्लाउज शिलाई, विठ्ठलवाडी’ लिहा, म्हणजे शोधणारीला सापडाल. हेच व्हिडिओ यूट्यूबवर टाकलेत, तर तिथल्या जाहिरातींतून कमाईसाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं बघणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज लागतात. तुम्हाला मात्र जवळपासची वीस गिऱ्हाइकं त्याहून मोलाची. घराचा पूर्ण पत्ता उघड टाकू नका, विचारणाऱ्या बाईलाच कळवा.